आम्ही पूर्वजांच्या काळी असतो तर

शास्त्रपाठ : मत्तय २३:२९-३१



अमेरिकेतील ओहायो राज्यात, टस्करावस नदीच्या खोऱ्यात, शोनब्रुन नावाचे एक गाव आहे. मोरावियन मिशनरी डेव्हिड झाइसबर्गर आणि लेनापी जमातीतील ख्रिस्ती विश्वासणारे यांनी १७७२ साली ते वसविले. युद्धाच्या धामधुमीत १७७७ मध्ये ते सोडावे लागले. पुढे १९२३ पासून त्याच जागी ओंडक्यांची घरे, प्रार्थनामंदिर व शाळा पुन्हा उभारण्यात आली. अशा स्थळी ‘जिवंत इतिहासाचे दिवस’ साजरे होतात. जुन्या काळचा पोशाख केलेली माणसे चकमकीच्या बंदुकीत बार भरून दाखवितात, चुलीवर भाकरी भाजतात, लोकर कातून सूत काढतात. सरहद्दीवरील जीवन किती कष्टाचे होते, हे मुलांना डोळ्यांनी पाहावयास मिळते.

यात वावगे काही नाही. यार्देन नदीतून काढलेले बारा धोंडे गिलगालात उभे केले, ते पुढच्या पिढीतील मुलांनी प्रश्न विचारावा म्हणूनच (यहोशवा ४). स्मरण ही देवाच्या लोकांची जुनी रीत आहे. परंतु स्मरण करताना आपण कोणाचा पोशाख अंगावर चढवितो?

शोनब्रुनपासून काही मैलांवर ग्नाडेनहूटन आहे. या नावाचा अर्थ ‘कृपेची खोपटी’. तेथील लेनापी ख्रिस्ती लोकांनी शस्त्र न उचलण्याचे ठरविले होते, म्हणून दोन्ही पक्षांना त्यांचा संशय येई. १७८१ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या टोळ्यांनी त्यांना बळाने सँडस्कीकडे नेले. तेथे उपासमार झाली, तेव्हा शेतात उभा राहिलेला मका काढून नेण्यासाठी काही जण परत आले. १७८२ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सरहद्दीवरील सशस्त्र वसाहतवाले त्यांच्यापाशी आले. तुम्हांला सुरक्षित स्थळी नेतो, असे त्यांनी सांगितले. विश्वासणाऱ्यांनी आपल्या बंदुका स्वाधीन केल्या. मग घरांतील किटल्या, ताटल्या व कुऱ्हाडी पाहून, ह्या वस्तू गोऱ्यांच्या घरांतून लुटल्या असल्या पाहिजेत, असा आरोप ठेवण्यात आला. मते घेण्यात आली व मृत्युदंड ठरला. ती रात्र त्या लोकांनी प्रार्थना व स्तोत्रगायन यांत घालविली. ८ मार्च रोजी पिंपे घडविण्याच्या लाकडी मोगरीने त्यांना ठार करण्यात आले. एकूण ९६ जण. त्यांत ३९ मुले होती. दोन मुलगे तेवढे वाचले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

वाचकहो, मारणारेही ख्रिस्ती म्हणविणारेच होते. ज्या प्रभूचे नाव रात्रभर त्या घरांतून ऐकू येत होते, ते त्यांना अपरिचित नव्हते. परंतु बाप्तिस्म्याने दिलेले नाते त्यांना दिसले नाही, दिसली ती केवळ जात आणि हातातील किटली. काही थोड्यांनी या कृत्यास नकार दिला व ते बाजूला झाले. त्यांचे हात रक्ताने माखले नाहीत, हे खरे. परंतु मोगरीही थांबली नाही.

प्रभू येशू शास्त्री व परूशी यांना हेच दाखवितो. ते संदेष्ट्यांच्या कबरी शृंगारीत आणि म्हणत, आम्ही तेव्हा असतो तर त्या पापात सामील झालो नसतो. प्रभूने हे बोलणेच त्यांच्याविरुद्ध साक्ष म्हणून धरले, कारण काही दिवसांतच ते त्याला वधस्तंभाकडे नेणार होते. पूर्वजांच्या पापाचा धिक्कार करणे सोपे असते. आपले पाप मात्र आजच्या पोशाखात येते, म्हणून ओळखू येत नाही.

आपल्या मंडळीत एखाद्या कुटुंबाचे पूर्वीचे कूळ अजून कुजबुजीने विचारले जाते काय? विवाहाच्या बोलणीत ते तोलले जाते काय? गरीब विश्वासणाऱ्याच्या घरी चांगली वस्तू दिसली, तर ती कोठून आली, अशी शंका प्रथम मनात येते काय? आणि कमिटीत अन्यायाचे मत पडते, तेव्हा आपण केवळ बाजूला होऊन समाधान मानतो काय? ग्नाडेनहूटनचा आरंभ अशाच संशयातून झाला होता.

म्हणून इतिहास अवश्य पाहावा, मुलांनाही दाखवावा. परंतु त्यात आपला चेहरा शोधावा. हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडते, ते ऐकणारा देव आजही आपल्याला विचारतो की, तुझा भाऊ कोठे आहे?

हे प्रभो, आमच्या भावाला ओळखण्याची दृष्टी आणि त्याच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.