कृतज्ञतेचे मौन

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी पूर्व तिमोरची राजधानी दिली येथील सांताक्रूझ कबरस्थानात इंडोनेशियाच्या सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. दोन आठवड्यांपूर्वी मारल्या गेलेल्या एका तरुणासाठी मोताएलच्या चर्चमध्ये त्या दिवशी पहाटे मिस्सा झाला होता आणि तेथूनच लोक त्याच्या कबरीवर फुले वाहण्यास निघाले होते. दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. मॅक्स स्टाल नावाचा ब्रिटिश चित्रवार्ताहर थडग्यांच्या आडून हे सारे टिपत होता. आपण पकडले जाणार हे दिसताच त्याने चित्रफिती एका ताज्या कबरीच्या मातीत पुरल्या, आणि सुटका झाल्यावर रात्रीच्या अंधारात परत येऊन त्या उकरून काढल्या. फिती गुप्तपणे देशाबाहेर गेल्या आणि सोळा वर्षे जगाने न पाहिलेला देश जगाच्या दिवाणखान्यात येऊन उभा राहिला. कबरस्थानातील लहानशा चॅपेलमध्ये जीव मुठीत धरून बसलेल्या लोकांची पोर्तुगीज भाषेतील प्रार्थना त्या फितीत ऐकू येते. पोर्तुगालमधील प्रेक्षक रक्ताच्या दृश्यांइतकेच त्या प्रार्थनेने हादरले.

वसई आणि गोव्याच्या वाचकांना तिमोर वाटतो तितका परका नाही. १८४४ पर्यंत या बेटाचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. सालाझारच्या राजवटीत छपाईपूर्व तपासणीची जी कात्री १९६१ पर्यंत गोव्यातील वृत्तपत्रांवर चालत होती, तीच दिलीतही चालत होती. मात्र त्या व्यवस्थेत एक फट होती. धर्मप्रांताचे प्रकाशन या नात्याने ‘सेआरा’ नावाचे चर्चचे नियतकालिक त्या कात्रीतून सुटत असे. सेआरा म्हणजे उभ्या पिकाचे शेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी या शेतात जे तरुण लिहिते झाले, त्यांत निकोलाव लोबातो, शावियेर दो अमाराल आणि जोसे रामोस-होर्ता होते. पुढे स्वातंत्र्यलढ्याचे नेतृत्व याच नावांकडे गेले. सत्ताधाऱ्यांच्या ध्यानात हे येण्यास फार वेळ लागला नाही व ते पत्र बंद पाडण्यात आले. चर्चच्या मुखपत्राने स्वतंत्र विचारास जागा द्यावी आणि त्यापायी स्वतःचे अस्तित्व गमवावे, ही गोष्ट आपल्यासारख्या चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या लहान नियतकालिकांनी मनाशी जपून ठेवावी अशी आहे.

त्यानंतर १९७५ साली इंडोनेशियाचे आक्रमण आले. त्याच्या तोंडावर, १६ ऑक्टोबर रोजी, बालिबो या गावी ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीसाठी काम करणारे पाच पत्रकार मारले गेले. ८ डिसेंबरला दिलीच्या धक्क्यावर रॉजर ईस्ट हा सहावा. साक्षीदारच उरू नयेत अशी ही सुरुवात होती. पुढील चोवीस वर्षांत देशात मुक्त वृत्तपत्र असे काही नव्हतेच, आणि म्हणून वृत्तपत्राचे काम चर्चने केले. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कोणत्या खेड्यात कोण नाहीसे झाले, कोणत्या डोंगरावर किती मारले गेले, याची खबर धर्मग्रामातून धर्मग्रामात, धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या मुखाने जात होती. मोन्सिन्योर मार्तिन्यो दा कोस्ता लोपेस यांनी हत्याकांडांविषयी उघडपणे बोलण्याचे धाडस केले. दबाव इतका वाढला की १९८३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले कार्लोस फिलिप शिमेनेस बेलो सौम्य निघतील असा अनेकांचा कयास होता. तो चुकला. १९८९ साली बेलो यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना पत्र लिहून सार्वमताची मागणी केली आणि १९९६ मध्ये रामोस-होर्तांसमवेत त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आक्रमणाच्या वेळी तिमोरमध्ये कॅथलिक अल्पसंख्य होते. सत्ता गेली तेव्हा जवळजवळ सारा देश कॅथलिक झाला होता. लोक देवळात आले ते प्रभूच्या ओढीने, तसेच आपली भाषा आणि आपले दुःख जेथे उच्चारता येते अशी ती एकच जागा उरली होती म्हणूनही. सप्टेंबर १९९९ मध्ये लोस पालोसजवळ सशस्त्र टोळीने धर्मभगिनींची आणि सेवकांची हत्या केली, तेव्हा त्यांच्या सोबत प्रवास करणारा एक इंडोनेशियन पत्रकारही मारला गेला. आगुस मुलियावान त्याचे नाव. चर्च आणि वार्ताहर एकाच रस्त्यावर, एकाच गाडीत पडले.

२० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच्या घटनेच्या ४१ व्या कलमाने वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी दिली. २००९ च्या दंडसंहितेत अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. २०१४ मध्ये संसदेने जाचक माध्यम-कायदा संमत केला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी तो न्यायालयाकडे धाडला आणि न्यायालयाने त्यातील काही तरतुदी घटनाबाह्य ठरवून परत केला. जेमतेम तेरा लाख वस्तीच्या, चार भाषांत विभागलेल्या, जाहिरातींसाठी बव्हंशी सरकारच्याच तोंडाकडे पाहणाऱ्या पत्रसृष्टीला हे कवच लाभले. ‘सीमाविरहित वार्ताहर’ या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत २०२३ साली तिमोर-लेस्ते दहावा होता. त्याच यादीत आपण एकशे एकसष्टावे होतो. पुढील वर्षी तिमोर विसाव्या स्थानावर उतरला. पण अशा क्रमांकांना फार डोक्यावर घेऊ नये, आणि आपला क्रमांक वाचून रागावण्याचीही घाई करू नये.

मला विचार करावयाचा आहे तो एका वेगळ्या बंधनाचा. ते कायद्यात नाही. २०१८ मध्ये व्हॅटिकनने रिचर्ड डॅशबाख या अमेरिकन धर्मगुरूस पौरोहित्यातून मुक्त केले. ओएकुसी भागातील डोंगरात त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम चालविला होता, आणि मुक्तिलढ्याच्या काळात अनेकांना आधार दिला होता. त्याच आश्रमातील मुलींवर त्यांनी अत्याचार केल्याचे डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले व त्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. हे प्रकरण प्रथम छापणाऱ्या ‘तेंपो तिमोर’च्या पत्रकारांना धमक्या आल्या, बहुतेक इतर माध्यमांनी प्रदीर्घ काळ मौन पाळले, आणि जानेवारी २०२१ मध्ये स्वातंत्र्याचे अग्रणी शनाना गुझमाव आरोपीच्या वाढदिवशी केक घेऊन त्यांच्या घरी गेले. मग सप्टेंबर २०२२ मध्ये एका डच साप्ताहिकाने खुद्द बिशप बेलो यांच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप प्रसिद्ध केले. दुसऱ्याच दिवशी व्हॅटिकनने स्पष्ट केले की २०२० पासूनच त्यांच्यावर निर्बंध घालण्यात आले होते. बेलो यांच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला चाललेला नाही, हेही येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु ही बातमी दिलीतून न येता ॲमस्टरडॅममधून यावी, याचा अर्थ काय?

भीती, हे उत्तर पुरेसे नाही. ज्या पत्रकारांनी मंत्र्यांना आणि पंतप्रधानांना अंगावर घेतले ते भित्रे नव्हते. त्यांचे हात बांधले ते कृतज्ञतेने. ज्या चर्चने आपल्या बापाला लपविले, ज्या बिशपाने आपले दुःख जगाच्या वेशीवर टांगले, त्यांच्याविरुद्ध लेखणी कशी उचलावी? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कृतघ्नता हा आपल्या परंपरेत मोठा दोष आहे, आणि कृतज्ञतेचे ऋण खरेच असते. राज्यकर्त्यांनीही या भावनेचा उपयोग जाणला. २०२० साली अब्रुनुकसानी पुन्हा फौजदारी गुन्हा ठरविण्याचा एक मसुदा पुढे आला, तेव्हा त्यात ज्यांच्या लौकिकास धक्का लावणे दंडनीय होणार होते त्या यादीत शासनकर्त्यांच्या जोडीला चर्चचे अधिकारीही होते. विरोध झाल्यामुळे तो मसुदा बारगळला.

या ठिकाणी आपल्याच नीतिशास्त्राकडे वळावे लागते. कॅथलिक धर्मशिक्षण खोटा आळ आणि परनिंदा यांत भेद करते. खोटा आळ म्हणजे असत्य सांगून दुसऱ्याची अब्रू घेणे. परनिंदा म्हणजे खरा असलेला दोषदेखील योग्य कारणाशिवाय उघड करणे. आठव्या आज्ञेचा हा सूक्ष्म अर्थ अनेकांस ठाऊक नसतो आणि ज्यांस असतो ते बहुधा त्याचा अर्धाच भाग वापरतात. ‘खरे असले म्हणून काय झाले, छापायचे कशाला?’ हे वाक्य मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण सर्वांनी ऐकले आहे; मी स्वतःही ते एकदोनदा उच्चारले आहे, आणि त्या वेळी आपण मोठे समंजस बोलत आहोत अशीच माझी समजूत होती. त्या व्याख्येतील ‘योग्य कारणाशिवाय’ हे शब्द आम्ही गाळतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच हा प्रश्न हाताळला होता. गुप्त दोषाची कानउघाडणी एकांतात करावी, हा सर्वसाधारण नियम त्यांनी मान्य केला. पण ज्या गुप्त पापापासून इतरांना अपाय होत आहे त्याच्या बाबतीत, एकांतातील बोलण्याने तो अपाय टळेलच अशी खात्री नसेल तर, थेट तक्रार करावी असे त्यांनी सांगितले. लौकिक ही मौल्यवान वस्तू आहे. परंतु एका माणसाचा लौकिक तारण्यासाठी दुसऱ्याचे लेकरू पणाला लावता येत नाही.

कृतज्ञतेचाही विचार याच मापाने करावा लागेल. ऋण ज्याने घेतले त्याने ते आपल्या गाठीचे देऊन फेडावे. दिलीतील संपादकावर चर्चचे ऋण असेल. ओएकुसीच्या डोंगरातील आठ-दहा वर्षांच्या मुलीने ते घेतले नव्हते. संपादकाचे मौन म्हणजे आपले देणे तिच्या खात्यावर टाकणे होते. आणि खोलात गेल्यास, चर्चने त्या देशाला जे दिले ते नेमके काय होते? ज्यांचा आवाज दाबला गेला त्यांचा आवाज. ते देणे घेऊन झाल्यावर त्याच देण्याच्या नावाने आणखी एक आवाज दाबणे, ही कोणत्या प्रकारची परतफेड?

इतके लिहून थांबलो असतो तर माझे काम सोपे झाले असते. वस्तुस्थिती तितकी सरळ नाही, कारण वृत्तपत्रे चुकतातही. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘तिमोर पोस्ट’ने वित्त मंत्रालयाच्या एका निविदेविषयी बातमी दिली. तिच्यात कंपनीचे नाव चुकले होते. पत्राने चूक मान्य करून खुलासाही छापला. तरीही पंतप्रधानांच्या फिर्यादीवरून वार्ताहर रायमुंदोस ओकी आणि संपादक यांच्यावर, हेतुपुरस्सर खोटा आरोप केल्याचा खटला भरला गेला आणि अभियोक्त्याने तुरुंगवासाची मागणी केली. १ जून २०१७ रोजी न्यायालयाने खटला फेटाळला. चूक आणि खोटा आळ यांतील अंतर न्यायाधीशांनी ओळखले, हे त्या तरुण न्यायसंस्थेस भूषणावह होय.

हेच ओकी पुढे २०२२ मध्ये पुन्हा अडचणीत आले. डॅशबाख प्रकरणाच्या तपासात काही अल्पवयीन मुलींची बळजबरीने शारीरिक तपासणी केली गेली, असे त्या मुलींचे म्हणणे त्यांनी आपल्या वृत्तसंस्थळावर दिले होते. त्यावरून न्यायालयीन गोपनीयतेचा भंग केल्याच्या संशयाखाली त्यांची चौकशी झाली. ही बातमी डॅशबाखच्या समर्थकांच्या पथ्यावर पडणारी होती. माझ्यासारख्यास ती वाचताना अस्वस्थ व्हायला होते, कारण आपण मनोमन ज्या बाजूस न्याय आहे असे ठरविले आहे, त्या बाजूवरच ती बोट ठेवते. पण मुलीच्या देहाची अप्रतिष्ठा जर एका धर्मगुरूने केली म्हणून सांगावयाची असेल, तर तपासयंत्रणेने केल्याचा आरोप असताना ती दडवावी कशी? अक्वायनसचा निकष आपल्याला सोयीच्या प्रकरणापुरता राखून ठेवता येत नाही. ज्या वार्ताहराची एक बातमी आपल्याला सलते त्याच्याही दारात पोलीस जाऊ नयेत, असे म्हणता येते का, हे मी स्वतःला विचारून पाहिले. उत्तर ‘होय’ आले, पण लगेच आले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस दिलीला गेले. तासितोलूच्या मैदानावरील मिस्साला सुमारे सहा लाख लोक आले. म्हणजे देशातील जवळजवळ निम्मी माणसे. त्यांच्या आगमनापूर्वी शहरातील फेरीवाल्यांना हटविण्यात येत होते, आणि त्याचे वार्तांकन करणाऱ्या एका तरुण महिला पत्रकारास पोलिसांनी काही काळ अडकवून ठेवले. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातील भाषणात पोपमहोदयांनी, ज्यांच्या प्रतिष्ठेवर घाला घातला जातो त्या मुलांचा उल्लेख केला आणि प्रत्येक प्रकारच्या अत्याचारास प्रतिबंध करण्याची जबाबदारी सर्वांवर टाकली. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. समोर बसलेल्या श्रोत्यांत राष्ट्राध्यक्ष रामोस-होर्ता होते, नोबेलचे सहमानकरी आणि पन्नास वर्षांपूर्वीचे ‘सेआरा’चे लेखक. पोपमहोदयांच्या त्या न घेतलेल्या नावाचा अर्थ काय लावावा, ती करुणा होती, संकोच होता की त्या यजमान राष्ट्राच्या दुःखाविषयीची अदब, यावर मी बराच काळ विचार करीत आहे आणि अजून निर्णयास आलेलो नाही.