तीळ, तेल आणि मूलपेशी

सांख्यांचा सत्कार्यवाद मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला: कार्य कारणात आधीच असतं; तेल तिळात असतंच, म्हणून निघतं. दादांना कंपवात झाला, त्यांच्या शर्टाची बटणं मी लावू लागले, आणि मूलपेशींबद्दल वाचायला घेतलं. कंपवातात कमी पडणाऱ्या डोपामिनसाठी लागणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराचं जनुक आपल्या त्वचेच्या पेशीतही असतं, तिथे बंद. मूलपेशीला ठरावीक रासायनिक संकेत मिळाले, की फॉक्सए२, एलएमएक्स१ए ही जनुकं सुरू होतात, पुढे नर१, मग ते विकर. संकेतांची मात्रा चुकली, तर मेंदूच्या भलत्याच भागाची पेशी घडते! म्हणजे कार्य आधीपासून होतं, की नुसती शक्यता? कार्य नव्यानेच घडतं म्हणणाऱ्या नैयायिकांनीही लगेच हुरळून जाऊ नये. वाळूला हेच संकेत देऊन काय होणार? २०१८ साली क्योटोत मूलपेशींपासून घडवलेल्या अशा पेशी कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत सोडल्या गेल्या. सांख्यांना मी आता निम्मेच गुण देते.