वाण नेमका कशात असतो?

अनेक गाईंना आपण 'गाय' या एकाच नावाने ओळखतो, कारण त्या सगळ्यांत गोत्व, म्हणजे गायपण, नावाची जाती खरोखरच असते, असं न्यायदर्शन मानतं. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाला हे मान्य नव्हतं. जे गाय नाही त्याहून वेगळं ते गाय, एवढाच त्याच्या लेखी त्या शब्दाचा आशय, हाच अपोहवाद. युरोपात गुरांसाठी पेरल्या जाणाऱ्या रायग्रास या गवतापाशी हा जुना वाद अगदी व्यवहाराचा होतो. नवा वाण नोंदवायचा तर तो इतरांहून वेगळा, आपल्यात एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावा लागतो. पानाची रुंदी, ओंबी बाहेर पडण्याचा दिवस अशी लक्षणं शेतात मोजून हे ठरवतात. त्यात वर्षं जातात, आणि लक्षणंही हवामानानुसार बदलतात. मग डीएनएमधल्या खुणा, म्हणजे मार्कर, पाहून वाण ओळखावा असं सुचणं साहजिक आहे. पण अनेकदा त्यामागे एक समजूत असते, की वाणाचं वाणपण प्रत्येक बीत लिहिलेलं आहे आणि ते फक्त वाचायचं राहिलं आहे. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मार्करच देतात.

रायग्रासला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत. पराग आपला की परका, हे एस आणि झेड या दोन जनुकस्थानांवरून ठरतं. म्हणून पैदासकार काही निवडक झाडांचा आपसात मुक्त संकर होऊ देतो, आणि त्या संततीला वाण म्हणतात. तिच्यातली प्रत्येक बी वेगळी. मार्करने तपासलं की बहुतेक विविधता एकाच वाणाच्या पोटात सापडते; दोन वाणांमधला फरक त्या मानाने थोडा असतो. एखादी खूण या वाणाच्या काही झाडांत असते, त्या वाणाच्याही काही झाडांत असते, सगळ्यांत मात्र कुठेच नसते. फरक असतो तो प्रमाणाचा, आणि तो दिसण्यासाठी पुष्कळ झाडांचे नमुने घ्यावे लागतात. न्यायातली जाती प्रत्येक व्यक्तीत पूर्णपणे असते. प्रमाण हा समूहाचा धर्म आहे, एकट्या झाडाला ते असूच शकत नाही.

मग ठोंबांनी लावल्या जाणाऱ्या गवतांचं काय? राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले जयवंत' हा बाजरी आणि नेपियर गवत यांचा संकर. अशा त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, संकराला बी धरत नाही, म्हणून तो ठोंबांनी किंवा कांड्यांनी पसरतो आणि सगळीकडे जवळपास एकच डीएनए मिळतो. इथे तरी जाती हाती लागली म्हणावं, तर नैयायिक उदयनाचार्य आडवे येतात: जिथे व्यक्तीच एक, तिथे जाती मानता येत नाही, आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नाही. जनुकांच्या हिशेबाने हे सगळे ठोंब म्हणजे अनेक शेतांत वाढणारी एकच व्यक्ती.

कुणी म्हणेल, मार्कर कमी पडत असतील. हजारो तपासा, वाणाचं सार सापडेल. पण मार्कर वाढवत गेलं की एकाच वाणाच्या दोन सख्ख्या रोपांमधलाही फरक दिसतो, कधी दोन बियाणे-लॉटमधलाही. किती फरक झाला म्हणजे वाण वेगळा, ही रेघ कुठलंही यंत्र आखत नाही. ती माणसांनी आखायची असते. मग वाण म्हणजे इतरांहून वेगळा तो, एवढंच उरतं, आणि अशा अपोहावर मीमांसक कुमारिलांचा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाय माहीत नसेल तर 'गाय नव्हे' ते ओळखणार कसं? अपोहवाद्यांकडे याला उत्तरं आहेत, पण गवताच्या बाबतीत मला त्याहून साधं उत्तर दिसतं. वाणाला वंश असतो: निवडलेली मूळ झाडं आणि जपून ठेवलेलं मूळ बियाणं. सुरुवात तिथून होते, वगळणं नंतर येतं. त्यामुळे वाण हे नुसतं नावही ठरत नाही. उशिरा ओंबी येणारं कुरण शेतकऱ्याला खरोखर जास्त दिवस पाला देतं. वाणांच्या संरक्षणासाठी १९६१च्या करारातून उभी राहिलेली यूपॉव्ह ही संघटनाही केवळ मार्करमधल्या फरकावरून वाणाला वेगळेपण देत नाही. उघडच दूरचे वाण तुलनेतून आधीच वगळायला मात्र, शेतातल्या लक्षणांच्या जोडीने, मार्कर वापरू देते. काही पैदासकारांना हा सावधपणा जुनाट वाटतो. मला तो तर्काला धरून वाटतो.