धूर नाही, म्हणून अग्नी नाही?

आपल्याकडील तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला डोंगरावरच्या धुराचे उदाहरण पाठ असते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. जसा तो स्वयंपाकघरात असतो. परंतु त्याच शास्त्रकारांनी एक सावधगिरीची सूचनाही देऊन ठेवली आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. धूर नाही एवढ्यावरून अग्नी नाही, असे मात्र म्हणता येत नाही. भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालभडक गोळा धूर सोडत नाही, तरी हात लावणाऱ्याला तो भाजतोच.

किशोरवयीन मुलांच्या पालकांपुढे आज नेमका हाच पेच उभा आहे. चोरून विडी-सिगारेट ओढणारे मूल पूर्वी फार दिवस लपून राहत नसे. कपड्यांना येणारा वास, खिशातली काडेपेटी, गच्चीत सापडलेले थोटूक यांपैकी काहीतरी घराशी बोलून जाई. ई-सिगारेटने, जिला मुले ‘वेप’ म्हणतात, हे सारे साक्षीदार गप्प केले आहेत. दिसायला ती कधी पेनसारखी, कधी पेनड्राइव्हसारखी असते. तिच्यात जळत काहीच नाही. बॅटरीवर तापणारी एक बारीक तार आणि निकोटीन मिसळलेला द्राव, एवढाच तिचा संसार. तोंडातून बाहेर पडतो तो धूर नव्हे, सूक्ष्म थेंबांचा फवारा. तो क्षणात विरतो आणि मागे राहिलाच तर आंब्याचा किंवा पुदिन्याचा गोड वास राहतो. त्या वासावरून कोणत्या आईच्या मनात शंका येईल?

ही वस्तू वाईट हेतूने जन्मली, असे आम्ही म्हणणार नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाला दिले जाते. २००३ च्या सुमारास त्याने ती सिद्ध केली. तो स्वतः अट्टल धूम्रपान करणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. सिगारेट सोडवण्याचे साधन शोधावे, ही त्याची प्रेरणा. पुढे काय घडले ते अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. २०१५ मध्ये तेथील बाजारात ‘जूल’ नावाचे उपकरण आले. निकोटीन आम्लाशी संयोग करून क्षाराच्या रूपात वापरल्यामुळे त्याचा झुरका घशाला खरखरीत लागत नसे. सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला जो ठसका लागतो, तो निसर्गाने दिलेला इशारा असतो. तो इशाराच येथे काढून टाकण्यात आला. पाच टक्के निकोटीन असलेल्या एका छोट्या कुपीत जवळजवळ वीस सिगारेटींच्या पाकिटाइतके निकोटीन असे.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मुलांमधील या व्यसनाला साथ म्हटले. त्याच महिन्यात मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने जूलमधील पस्तीस टक्के वाटा विकत घेतला. सिगारेट संपवायला निघालेल्या वस्तूला अखेर सिगारेटच्याच घरी आश्रय मिळाला! २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत नववी ते बारावीच्या २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी आदल्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचे सांगितले. मुलांना लक्ष्य केल्याच्या आरोपांवरून पुढे खटले झाले. कंपनीने दोष मान्य केला नाही. परंतु २०२२ आणि २०२३ मध्ये अनेक राज्यांशी समझोते करून प्रत्येक वेळी चाळीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे तिने कबूल केले. २०२४ च्या पाहणीत तेच प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले होते. समाजाने मनावर घेतले तर ही लाट ओसरू शकते, हेही त्यावरून ध्यानात येते.

‘सिगारेटपेक्षा हे कमी घातक आहे ना?’ असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारा प्रौढ पूर्णपणे इकडे वळला, तर त्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्ये बरीच घटतात, हे खरे. परंतु तुलना कशाशी करायची? ज्या मुलाने कधी सिगारेट ओढलेली नाही, त्याच्या बाबतीत ती स्वच्छ हवेशीच केली पाहिजे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या काळात निकोटीन मिळाले की अवधान, शिकणे आणि मनाचा आवर यांच्यावर त्याचा परिणाम होतो आणि व्यसन लवकर जडते. त्या फवाऱ्यात शिसे आणि निकेलसारख्या धातूंचे अंशही आढळले आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या एका तीव्र विकाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यामागे मुख्यतः गांजाचा अर्क आणि त्यात मिसळलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे एक तेलकट संयुग होते, असे तपासात दिसून आले. म्हणजे कुपीत काय भरले आहे हे ओढणाऱ्याला ठाऊक नसते, हा धोका वेगळाच.

येथून खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. दोष कोणाचा? आम्हांला वाटते, जबाबदारी ज्ञानाच्या प्रमाणात वाटली जावी. ज्याने ठसका काढून टाकला आणि गोड स्वाद घातला, त्याला सर्वांत अधिक ठाऊक होते. चोरून आणलेला माल शाळेच्या आसपास विकणाऱ्यालाही पुष्कळ ठाऊक असते. सर्वांत कमी ठाऊक असते ते मित्राच्या हातून पहिला झुरका घेणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला. तरीही घरात पहिला आणि बहुधा शेवटचा आरोपी तोच ठरतो. त्याची जबाबदारी शून्य आहे, असे नव्हे. पहिला झुरका त्याने घेतला. पण शंभरावा झुरका किती अंशी त्याचा आणि किती अंशी निकोटीनचा, हे न पाहता केलेला न्याय अपुरा होय.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पालकांनी मुलाचे दप्तर, खिसे, कपाट तपासावे काय? अज्ञान मुलाच्या रक्षणाचा अधिकार पालकांना आहे, याविषयी दुमत नसावे. मूल गुंगीत दिसले, श्वास लागला, छातीत दुखू लागले, तर परवानगीची वाट न पाहता शोधावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. एरवी मात्र चोरून घेतलेली झडती वस्तू मिळवून देते, सत्य मिळवून देत नाही. या घरात एकमेकांविषयीची माहिती चोरूनच मिळवायची असते, एवढाच धडा मूल त्यातून घेते आणि पुढच्या वेळी अधिक चांगले लपवते. लपवण्याच्या या स्पर्धेत पालक जिंकणार नाहीत, कारण वस्तूच लपवण्यासाठी बेतलेली आहे. धूर गेला, वास गेला. आता साक्ष द्यायला उरले आहे ते केवळ मूल. त्याची जीभ मोकळी राहिली, तरच घराला काही कळेल.

म्हणून आमच्या मते घरोघरी एक नियम असावा: खरे बोलण्याची किंमत खोटे बोलण्यापेक्षा कधीही अधिक नसावी. यावर कोणी म्हणेल, अशाने मुले शेफारतील. तसे नाही. हातखर्चाचा हिशेब मागता येईल, वस्तू कोठून आली हे विचारता येईल, काही मोकळीक काढून घेता येईल. परंतु ज्या दिवशी मूल आपणहून सांगते, त्या दिवशी त्याच्यावर हात उगारला, तर दुसरी कबुली त्या घरात होणार नाही.

पालकांनी आणखी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. वारंवार न्हाणीघरात जाणे, सतत कोरड पडणे, नकारण चिडणे, पैशांचा हिशेब न लागणे ही लक्षणे असू शकतात, पुरावे नव्हेत. व्यसन सोडताना पहिले काही आठवडे मूल त्रासते, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. ते उद्धटपण समजून पुन्हा रागावू नये. द्रावाची कुपी लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये. तो पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. नुसत्या सेवनासाठी त्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. तेव्हा पोलिसांचा धाक घालून मुलाला अधिक मुके करू नये. तंबाखू सोडवण्यासाठी शासनाची १८००-११२-३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे; तेथे सल्ला मिळतो.

आणि शेवटी आपल्या स्वतःच्या खिशाकडेही पाहावे लागेल. ज्या घरात वडिलांची तंबाखूची पुडी उशाशी असते, आजीची मिश्री चुलीजवळ असते आणि २०१२ पासून बंदी असलेला गुटखा काकांना कोपऱ्यावर मिळतो, त्या घराने मुलाला कोणत्या तोंडाने विचारावे? विचारू नये, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या व्यसनाची कबुली आधी देऊन विचारावे. वडिलांनी ‘मलाही सुटत नाही, आपण दोघे मिळून प्रयत्न करू’ असे म्हटले, तर मुलालाही स्वतःची गोष्ट सांगायला जागा मिळेल.