नसलेल्या आवाजाचा पुरावा

इलेक्ट्रॉनिक उपकरणाची व्यत्यय-चाचणी असो की ध्वनिचाचणी, दोन्हींत जे सिद्ध करायचे असते ते एक नसणे असते. चार्जरमधून शेजारच्या रेडिओला त्रास देणाऱ्या लहरी बाहेर पडत नाहीत. पंखा, कॉइल किंवा कपॅसिटर यांचा आवाज होत नाही. उपकरण चालते हे दाखवणे सोपे, कारण तिथे काहीतरी घडते. काही घडत नाही हे कशाच्या आधारे म्हणायचे, हा मात्र ज्ञानशास्त्रातला जुना आणि अवघड प्रश्न आहे, आणि भारतीय दर्शनांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाण्याआधी खर्च वाचावा म्हणून छोटी कंपनी काही हजार रुपयांचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि एक मोजमापाचा मायक्रोफोन टेबलावर मांडते, तेव्हा तोच प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो.

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या मते अभाव कधी सुटा नसतो. त्याला प्रतियोगी लागतो, म्हणजे जे नाही ते. आणि अधिकरण लागते, म्हणजे जिथे ते नाही ती जागा. नव्यन्यायाने यावर आणखी काटेकोर अट घातली: प्रतियोगी कोणत्या धर्माने आणि कोणत्या संबंधाने नाही, हे अवच्छेदक सांगितल्याशिवाय अभावाचे विधान पुरे होत नाही. ‘या उपकरणात व्यत्यय नाही’ हे वाक्य या कसोटीवर अपुरे ठरते. सीआयएसपीआर 32 हे मानक तेच वाक्य पुरे करून सांगते. घरगुती वापराच्या उपकरणापासून 10 मीटरवर, 30 ते 230 मेगाहर्ट्झमध्ये, 120 किलोहर्ट्झ पट्टारुंदीने आणि क्वासी-पीक डिटेक्टरने मोजले असता क्षेत्र 30 डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या वर नाही. 230 मेगाहर्ट्झच्या पुढे 1000 पर्यंत ही मर्यादा 37 आहे. अंतर, पट्टारुंदी आणि डिटेक्टर हे इथले अवच्छेदक होत. त्यांतला एक बदलला की अभावही दुसराच होतो. क्वासी-पीक डिटेक्टर तर मुळात रेडिओ ऐकणाऱ्या माणसाच्या त्रासावर बेतलेला आहे: क्वचित येणारी खरखर तो कमी धरतो, वारंवार येणारी जास्त. म्हणजे मानकाने मागितलेली शांतता ही ऐकणाऱ्याच्या संदर्भातली शांतता आहे, निसर्गातले शून्य नव्हे.

अभाव कळतो कसा, यावर मतभेद आहेत. कुमारिल भट्टाची मीमांसा परंपरा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र, सहावे प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात की अभाव इंद्रियांनीच कळतो, अनुपलब्धी फक्त साहाय्य करते. मीमांसेतलेच प्राभाकर अभाव नावाचा वेगळा पदार्थच मानत नाहीत. त्यांच्या लेखी रिकामी जमीन दिसणे एवढेच खरे. या भांडणापेक्षा मोलाची आहे ती एक अट, जी अनुपलब्धीला महत्त्व देणारे जवळजवळ सगळेच कोणत्या ना कोणत्या रूपात मान्य करतात. बौद्ध धर्मकीर्तीने सातव्या शतकात ती दृश्याची अनुपलब्धी म्हणून मांडली, वेदान्तपरिभाषाकार धर्मराजाध्वरींद्राने योग्यतेच्या रूपाने. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे ठरत नाही. ‘घट असता तर दिसला असता’ असे खात्रीने म्हणता येईल तेव्हाच न दिसणे हे ज्ञान ठरते.

घरच्या चाचणीतली सर्वांत महागडी चूक नेमकी इथे होते. एक मीटर लांबीच्या केबलवर 50 मेगाहर्ट्झचा फक्त 5 मायक्रोअँपिअर कॉमन-मोड प्रवाह वाहत असेल, तर 3 मीटरवर सुमारे 100 मायक्रोव्होल्ट प्रति मीटर क्षेत्र तयार होते, आणि अमेरिकेची घरगुती उपकरणांसाठीची मर्यादा त्या वारंवारितेला तेवढीच आहे. हा प्रवाह मोजायला मोठी खोली लागत नाही. केबलभोवती बसणारा करंट प्रोब पुरतो. प्रोबचा ट्रान्सफर इम्पिडन्स 1 ओहम धरला तर 5 मायक्रोअँपिअरचे 5 मायक्रोव्होल्ट होतात, म्हणजे 14 डेसिबल-मायक्रोव्होल्ट. आता एखाद्या स्वस्त अ‍ॅनालायझरचा स्वतःचा गोंगाट 120 किलोहर्ट्झ पट्टारुंदीत 18 डेसिबल-मायक्रोव्होल्टवर असेल, तर पडद्यावर सपाट रेषा दिसेल आणि उपकरण तरीही नापास असेल. ती रेषा म्हणजे अंधारी खोली. प्रोब आणि अ‍ॅनालायझर यांच्यामध्ये 20 डेसिबलचा, कमी गोंगाटाचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर लावला की खोलीत उजेड येतो. तरीही अनुमानावर थांबू नये. सिग्नल जनरेटरमधून अ‍ॅटेन्युएटरमार्गे तेवढाच ठरावीक प्रवाह एका तारेतून सोडावा, तार प्रोबमधून न्यावी आणि रेषेवर उंचवटा उठतो का ते पाहावे. ‘असते तर दिसले असते’ हा तर्क इथे प्रत्यक्ष करून बघता येतो. हे पाच मिनिटांचे काम टाळून केलेल्या मोजमापाला मोजमाप म्हणणेच चूक आहे.

ध्वनीच्या बाबतीत योग्यतेचा प्रश्न माणसाच्या कानापासून सुरू होतो. सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेजबरोबर किंचित आकुंचन-प्रसरण पावतात, कॉइलचा गाभा चुंबकीय क्षेत्राबरोबर थरथरतो, आणि स्विचिंगची वारंवारिता कमी भारावर श्राव्य पट्ट्यात उतरली की बारीक शिट्टी निघते. वयाबरोबर वरच्या वारंवारिता ऐकू येणे कमी होत जाते. पन्नाशीच्या अभियंत्याला 15 किलोहर्ट्झची शिट्टी बहुधा ऐकू येत नाही. घरातल्या मुलाला ती असह्य होते. अभियंत्याचे न ऐकणे इथे प्रमाण नाही. मायक्रोफोनलाही स्वतःचा गोंगाट असतो, आणि खोलीलाही. उपकरण आणि खोली यांचा आवाज सारखाच असेल तर बेरीज 3 डेसिबलने वाढते, म्हणजे मोजलेल्या ध्वनिऊर्जेतली निम्मीच उपकरणाची असते. आयएसओ 3744 ध्वनिशक्ती काढताना पार्श्वभूमी किमान 6 डेसिबल खाली मागते. ती 15 डेसिबलपेक्षा जास्त खाली असेल तर दुरुस्तीची गरज उरत नाही. म्हणून छोट्या कंपनीने मध्यरात्र, बंद पंखे आणि जाड खनिज लोकरीचे अस्तर लावलेली पेटी यांचा आधार घेणे शहाणपणाचे. 1 किलोहर्ट्झला 94 डेसिबल देणारा कॅलिब्रेटर हे या मांडणीतले पहिले खरेदी करण्याजोगे साधन आहे, कारण त्याच्याशिवाय मायक्रोफोनचा कोणताही आकडा सापेक्षच राहतो. शिवाय एकूण डेसिबलमध्ये अरुंद शिट्टी लपून जाते, तेव्हा वर्णपट पाहावाच लागतो.

नसण्याचा प्रश्न असा सुटला तरी असण्याचा एक उरतो: जे दिसले ते उपकरणाचेच आहे का? उघड्या टेबलावर 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये एफएम केंद्रे मर्यादेच्या कितीतरी वर दिसतात, पुढे मोबाइल टॉवर दिसतात. उपकरण सुरू असताना उंचवटा आहे आणि बंद करताच नाही, हे अन्वय-व्यतिरेकाने ठरते. पण नैयायिक इथे उपाधीची, म्हणजे लपलेल्या अटीची सूचना देतात. अग्नी असेल तिथे धूर असतो असे वाटते, तरी धूर ओल्या इंधनामुळे असतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. बोर्डवरच्या क्लॉकला दोष देऊन शील्ड चढवणाऱ्याला केबल काढताच उंचवटा नाहीसा झालेला दिसतो. क्लॉक अग्नी होता, केबल ओले इंधन. उपाधी ओळखली की फेराइट किंवा एक कपॅसिटर पुरतो, आणि घरच्या चाचणीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. प्रयोगशाळा कुठे नापास ते सांगते, का नापास ते नव्हे. केबल एकेक करून काढून बघायला तिथे वेळ नसतो.

शेवटचा प्रश्न साक्षीचा. ज्याने वस्तू घडवली त्यानेच ती निर्दोष आहे म्हणावे का? युरोपीय संघाचा 2014/30 हा निर्देश उत्पादकाला अंतर्गत उत्पादन-नियंत्रणाच्या मार्गाने स्वतः अनुरूपता जाहीर करू देतो. ही भूमिका मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्याजवळ जाते: ज्ञान खरे धरावे, बाधक किंवा कारणदोष दिसला तर सोडावे. नैयायिक प्रामाण्य बाहेरून मागतात, आणि त्यांचा मुद्दा असा की ज्या विषयाची सवय नाही तिथे नव्या ज्ञानाविषयी शंका येतेच. प्रामाण्य आपोआप कळत असते तर ती आली नसती. अभावाच्या बाबतीत नैयायिकांची बाजू अधिक बळकट वाटते, कारण उत्पादकाला तो अभाव हवाच असतो, आणि नको ते न दिसणे सर्वांत सोपे असते. घरी दिसलेला दोष म्हणूनच जवळजवळ निर्णायक मानावा, घरी दोष न दिसणे मात्र नव्हे.

शंका कमी करण्याची न्यायाची वाटही इथे तशीच लागू पडते. पूर्वी फलाने पडताळलेल्या ज्ञानाच्या जातीचे ज्ञान असेल तर त्याचे प्रामाण्य अनुमानाने कळते. एक नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणी मोजून घ्यावा, तोच घरी त्याच केबलींसह, त्याच मांडणीत मोजावा आणि प्रत्येक वारंवारितेला दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवावा. त्याच जातीच्या पुढच्या आवृत्त्यांना हा तक्ता चालतो. पेटी, केबलची लांबी किंवा वीजपुरवठा बदलला की जात बदलते, आणि तक्ता पुन्हा बाहेर पडताळून घ्यावा लागतो.