रांगेतली चोरी आणि दारावरची चौकशी

बंगळुरूच्या पूर्व टोकाचं के. आर. पुरम माणसाला थांबायला शिकवतं. टिन फॅक्टरीपासून हँगिंग ब्रिजपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. मेट्रोचा व्हाइटफील्डकडचा १३.७१ किलोमीटरचा टप्पा २५ मार्च २०२३ रोजी सुरू झाला, पण बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा जेमतेम दोन किलोमीटरचा दुवा जुळायला ९ ऑक्टोबर उजाडला. तोवर प्रवासी मेट्रोतून उतरून बस पकडत आणि पुन्हा मेट्रोत चढत. आयटीतल्या नोकरीपायी व्हाइटफील्ड-महादेवपुरा पट्ट्यात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही ही वाट पाहणं आता अंगवळणी पडलंय.

सुट्टीच्या दिवशी या भागातली कुटुंबं बाहेर पडतात तीही बहुधा दुसऱ्या एखाद्या रांगेत उभं राहायलाच. कुणी बिडदीच्या वंडरलात पाळण्यांसाठी, कुणी ओल्ड मद्रास रोडने कोलार-मुळबागलमार्गे तिरुपतीला दर्शनासाठी, कुणी अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना सोडायला विमानतळावर. अशा मोठ्या रांगांना हल्ली एखादं बाजूचं दार असतं. तिरुमलाला पासष्टीच्या पुढच्या ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी वेगळी दर्शनव्यवस्था आहे, विमानतळावर व्हीलचेअर आहे, रेल्वेत दिव्यांगांचा डबा आहे. धडधाकट माणूस त्या दारातून आत शिरला तर नेमकं काय बिघडतं, हा प्रश्न व्यवस्थापनाचा वाटतो. पण तो धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे, आणि जुन्यांनी त्याची उत्तरं आजच्या नियमकर्त्यांपेक्षा बारकाईने शोधली आहेत.

या गैरवापराचा जगभर गाजलेला नमुना फ्लोरिडातला आहे. मे २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'ने बातमी दिली की मॅनहॅटनमधल्या काही श्रीमंत आया डिस्ने वर्ल्डला जाताना दिव्यांग गाइड भाड्याने घेतात. दर ताशी १३० डॉलर, आठ तासांच्या दिवसाला १,०४०. गाइड 'घरातलीच' म्हणून सोबत असली की सगळं कुटुंब बाजूच्या दाराने थेट पाळण्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुनं सवलतकार्ड बंद केलं आणि नवी पद्धत आणली. दिव्यांग पाहुण्याला परत येण्याची वेळ मिळे. रांगेत ताटकळावं लागत नसे, पण वाट तेवढीच पाहावी लागे. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले. ही सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली गेली आणि खोटं बोलणाऱ्याला कायमची बंदी जाहीर झाली. ज्यांचा आजार या चौकटीत बसत नव्हता, अशा कितीतरी जणांची आधी मिळणारी सोय त्यात गेली. भाड्याने गाइड घेणाऱ्यांचं मात्र काही अडलं नाही. उद्यानांनी तोवर पैसे भरून रांग टाळायची सोय सुरू केली होती.

'कुणाचं काय गेलं? दार उघडंच होतं,' असं या वागण्याचं समर्थन होतं. या युक्तिवादाला कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या गावागावांत वाचलं जाणारं जैनांचं तत्त्वार्थसूत्र नेमकं उत्तर देतं. अचौर्य व्रताचे अतिचार, म्हणजे त्या व्रताला लागणारे दोष, मोजताना या ग्रंथाने केवळ दुसऱ्याची वस्तू उचलण्यावर भागवलेलं नाही. चोरीला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडून लाभ उठवणं, मापात मारणं आणि अस्सलच्या जागी नक्कल खपवणं, हे पाचही प्रकार तिथे चोरीतच जमा आहेत. खोटा दाखला ही अस्सल म्हणून खपवलेली नक्कल झाली. तो देणारा डॉक्टर, मिळवून देणारा एजंट आणि 'सगळेच करतात' म्हणून पाठ थोपटणारा नातेवाईक हे उत्तेजन देणाऱ्यांत आले. दार उघडं होतं की बंद, हे या विचारात गौण आहे. ती जागा तुम्हाला दिलेली होती का, एवढंच तिथे विचारलं जातं.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण या चोरीत जागेपेक्षा मोठी गोष्ट जाते. ती काय, हे मुंबईच्या लोकलमध्ये दिसतं. हँडिकॅप डब्यात गर्दीच्या वेळी धडधाकट माणसं घुसतात, हे मुंबईकराला नवं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५५ नुसार राखीव डब्यात शिरणाऱ्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होतो. कारवाई होते, दंड भरला जातो, दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरतो. याच डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांना बसायची मुभा आहे. परळच्या टाटा रुग्णालयातून केमोथेरपी घेऊन निघालेला तरुण वरून ठीकठाकच दिसतो. हा डबा घुसखोरांचा झालाय हे ठाऊक असलेला सहप्रवासी त्याच्याकडेही घुसखोर म्हणूनच बघतो. घुसखोराने त्याची जागा घेतलीच, वर 'मला बरं नाही' या त्याच्या शब्दाची किंमतही घालवली.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यात सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे, ऑटिझम आणि अध्ययन-अक्षमताही आहे. यातले बरेच फलाटावर उभ्या माणसाच्या नजरेला दिसत नाहीत. कायद्याची नजर रुंद झाली, रस्त्यावरची मात्र अजून कुबडी आणि काळा चष्माच शोधते.

महाराष्ट्राने याचा मोठा तमाशा २०२४ च्या जुलैत पाहिला. पूजा खेडकर या परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्यावर दिव्यांगत्व आणि ओबीसी सवलतींच्या गैरवापराचे आरोप झाले. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलैला तिची उमेदवारी रद्द केली, ती परवानगीपेक्षा जास्त वेळा परीक्षेला बसल्याचं कारण देऊन. सप्टेंबरमध्ये केंद्राने तिला सेवेतून मुक्त केलं. तिने आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्याचा निवाडा तिथेच व्हायचा. समाजमाध्यमांनी मात्र महिनाभर स्वतःचं न्यायालय चालवलं. दिव्यांग कोट्यातून आलेल्या इतर अधिकाऱ्यांचे सायकलवरचे, सहलीतले फोटो शोधून 'हा बघा अपंग' म्हणून फिरवले गेले. तेलंगणातल्या एका अधिकाऱ्याला आपल्या पायाला पोलिओ आहे, हे जाहीरपणे सांगावं लागलं. जणू दिव्यांग माणसाने हसू नये, फिरू नये, नाहीतर तो खोटा ठरतो.

खोट्या ओळखीची गोष्ट मराठी वाचकाला महाभारतातूनही ठाऊक आहे. ब्राह्मण असल्याचं सांगून कर्ण परशुरामाकडे विद्या शिकला आणि उघडकीला आल्यावर शाप घेऊन परतला. मराठी मन त्या कर्णाला माफ करतं, आणि ते योग्यच आहे. ज्या दारातून त्याला जन्मावरून हाकललं होतं, त्याच दारातून तो खोटं बोलून आत गेला. राखीव डब्यात बसणारा धडधाकट माणूस याच्या नेमका उलटा. त्याला मुख्य दार उघडं आहेच, तो ज्यांना हाकललं जातं त्यांचं दार बळकावतो. दोघांनी सांगितलेलं खोटं वरवर सारखं दिसेल. एकाने ते अन्यायाविरुद्ध वापरलं, दुसऱ्याने अन्यायाची भरपाई लुटायला.

या पेचावर सर्वांत खोल विचार ज्यू परंपरेत सापडतो, म्हणजे कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या आपल्या मराठी भाषक बेने इस्रायलींच्या धर्मात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात दानाच्या नियमांत ढोंग्यांचा विचार आहे. लंगडा किंवा आंधळा नसताना तसं सोंग घेणारा म्हातारपणी मरण्याआधी खरोखर तसा होईल, असा कडक इशारा तिथे दिला आहे. पण मिश्नावरच्या विवेचनातून घडलेल्या तालमूदमधले रब्बी एलाझार त्याच ढोंग्यांचे आभार मानायला सांगतात. ते नसते तर प्रत्येक याचकाला नकार देण्याचं पाप आपल्याला रोज लागलं असतं. ढोंगी आहेत, म्हणून आपल्या नकाराला थोडी तरी सबब उरते. या उपरोधाचा रोख ढोंग्यापेक्षा नकार देणाऱ्यावर अधिक आहे.

तालमूदमध्येच चौकशीचाही वाद आहे. मागणाऱ्याची सत्यता तपासायची का? रव यहूदा या रब्बींचं मत असं की कपडे मागणाऱ्याची चौकशी करावी, अन्न मागणाऱ्याची करू नये. कपड्याला दोन दिवस उशीर चालतो, भुकेला चालत नाही. पुढे आचारात हेच मत मान्य झालं. सवलतींच्या आजच्या सगळ्या गोंधळात हा निकष वापरण्याजोगा आहे.

सरकारी नोकरी किंवा वैद्यकीय प्रवेश हे कपडे आहेत. तिथे तपासाला वेळ आहे आणि एका खोट्या दाखल्याने एका खऱ्या माणसाचं सबंध आयुष्य वळतं. म्हणून तिथे कसून पडताळणी हवी. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आणि २०२५ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची तपासणी हाती घेतली, ते या निकषावर उतरतं. खोटा लाभ घेणाऱ्याला कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ते कलम वापरलं जायला हवं.

डब्यातलं बाक, दर्शनाची बाजूची रांग, विमानतळावरची व्हीलचेअर हे मात्र अन्न आहे. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या वृद्ध जोडप्याला एकच व्हीलचेअर मिळाली. विमान कंपनीच्या सांगण्यानुसार मागणी फार होती आणि थांबायची विनंती केली होती. पत्नीला खुर्चीत बसवून ऐंशी वर्षांचे गृहस्थ सोबत चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि दगावले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला तीस लाखांचा दंड केला. हा दोष कुणा ढोंग्याच्या माथी मारता येत नाही, खुर्च्या पुरवणं कंपनीचं काम होतं. पण व्हीलचेअर ही मौजेची वस्तू नाही, एवढं त्या दिवशी स्पष्ट झालं.

सर्वोच्च न्यायालयाचा कलही याच बाजूला आहे. लेखन-पेटक्याचा त्रास असलेल्या एका उमेदवाराला लेखनिक मिळावा, असा निकाल ११ फेब्रुवारी २०२१ रोजी लागला, त्या खटल्यात गैरवापराची भीती पुढे केली गेली होती. काही जण सोयीचा गैरफायदा घेतील म्हणून खऱ्या गरजवंताची सोय नाकारता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

विमानतळावर व्हीलचेअर मागणारे सगळेच लबाड नसतात, हेही मान्य करायला हवं. एअर इंडियाच्या म्हणण्यानुसार अमेरिका-ब्रिटनच्या काही उड्डाणांत जवळपास तीस टक्के प्रवासी ती मागतात. त्यांत सांगलीहून पहिल्यांदाच शिकागोला एकट्या निघालेल्या आजीही असतात. त्यांचे पाय धड असतात. इंग्रजी येत नाही, फलक कळत नाहीत आणि गेट चुकलं तर विचारायचं कुणाला, ही धास्ती असते. लेकाने बुकिंग करताना 'आईला व्हीलचेअर लावून टाक' म्हणून खूण केलेली असते. आजींना खुर्ची नको असते, सोबत हवी असते. विमान कंपन्यांकडे नुसत्या सोबतीचीही वेगळी सेवा असते, पण ती सहसा कुणी समजावून सांगत नाही आणि बऱ्याचदा तिचे पैसे पडतात. खोटं बोलणं स्वस्त आणि खरं बोलणं महाग ठेवणारी व्यवस्था गैरवापरात भागीदार असते.

पैशाने विकत मिळणारी बाजूची दारंही या हिशेबात धरायला हवीत. वंडरलात फास्टट्रॅक तिकीट आहे, तिरुमलाला तीनशे रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे. मंदिरांतल्या व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ रोजी फेटाळली, पण अशी खास वागणूक असू नये असं मतही नोंदवलं. रांग मोडायची किंमत छापील दरपत्रकात लावून ठेवली की सामान्य माणूस स्वतःचा रस्ता शोधतो, आणि त्याला सर्वांत कमी विरोधाचा रस्ता दिव्यांगांच्या दारातून दिसतो.

म्हणून निवाडा दोन्ही बाजूंना लागू आहे. पुढच्या वेळी आईवडिलांचं तिकीट काढताना त्यांना खुर्ची हवी आहे की सोबत, हे त्यांनाच विचारा आणि सोबत हवी असेल तर सोबतच मागा. दर्शनाच्या बाजूच्या रांगेत आजोबांसोबत एकानेच जा, उरलेल्या सहा जणांनी सरळ रांग धरा. आणि व्हीलचेअरमधून उठून कुणी चार पावलं चालताना दिसलं, तर मोबाइल काढून त्याचं चित्रण करू नका. खोट्यांना शोधायचं काम कायद्याचं आहे, तुमचं नाही.