अठ्ठाविसाची खूण



गेल्या माघात एका गावी सप्ताहाची सेवा आम्हांकडे होती. रात्रीचे कीर्तन झाले, आरती झाली, मंडळी पांगली, आणि पंचविशीतला एक मुलगा वीणेकऱ्याच्या आसपास घुटमळत राहिला. गळ्यात नवीच माळ, हातात मोबाइल. म्हणाला, "महाराज, एक विचारायचं व्हतं. मी ह्यात बघतो तवा अकरा वाजून अकरा मिनिटं झालेली असत्यात. सकाळी बी, रात्री बी. दोन महिने झाले. ही कसली खूण म्हणायची?"

आम्ही त्याला म्हटले, "उद्या काकड्यानंतर ये, मग बोलू."

उत्तर सुचले नाही म्हणून त्याला थांबवले असे नव्हे. याच जातीच्या एका प्रश्नाला आम्ही पूर्वी एकदा घाईने उत्तर दिले होते, आणि ते तिसऱ्याच माणसाला भोवले. ती रात्र आम्ही जागून काढली. त्या रात्री जे मनात आले ते येथे लिहितो. त्यात आमच्या चुकीची कबुली आहे. वाचकांनी ती सोसून घ्यावी.

पाठशाळेत असताना 'काकतालीय' हा शब्द आम्ही प्रथम घोकला तो अर्थ न समजता. ताडाच्या झाडावर कावळा येऊन बसायला आणि ताडाचे फळ तुटून पडायला एकच गाठ पडली. कावळ्याने फळ पाडले नाही, फळानेही कावळ्याची वाट पाहिली नव्हती. याच घरातला दुसरा शब्द 'अजाकृपाणीय': शेळी आपली अंग घासते आणि नेमकी तेव्हाच तलवार तिच्या मानेवर पडते. तिसरा, आंधळ्याने हात पुढे करावा आणि लाव्याने येऊन त्या हातात पडावे. गंमत अशी की पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात असे शब्द साधण्यासाठी खास प्रत्यय सांगून ठेवला आहे. म्हणजे नुसता योगायोग म्हणून जगात काही असते, हे आपल्या व्याकरणाने केव्हाच मानले. हल्लीचे शिकलेले लोक आम्हां जुन्या मंडळींना अंधश्रद्ध म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

आणि घुणाक्षर. लाकूड पोखरता पोखरता किडा वळतो आणि तेथे 'ग'सारखी आकृती उमटते. किड्याला अक्षरओळख नाही. पाहणाराही निरक्षर असला तर त्याला नुसते भोक दिसते. 'ग' दिसतो तो ज्याने 'ग' गिरवला आहे त्याला.

आम्ही कीर्तनकार तर या गिरवण्यात फारच तयार असतो. विटेवर उभ्या असलेल्या देवाची अठ्ठावीस युगे घ्या. चार वेद, सहा शास्त्रे, अठरा पुराणे: बेरीज अठ्ठावीस. संकल्पात आपण म्हणतो त्याप्रमाणे वैवस्वत मन्वंतरातले हे अठ्ठाविसावे महायुग. नक्षत्रे सत्तावीस, पण अभिजित धरले की अठ्ठावीस. एकाच आकड्याकडे तीन वाटा निघाल्या की श्रोते डोलू लागतात, आणि श्रोते डोलले की चौथी वाट काढण्याचा मोह बुवांना आवरत नाही.

असाच अठराचा आमचा हुकमी दृष्टांत होता. पर्वे १८, गीतेचे अध्याय १८, युद्ध १८ दिवस, दोन्ही सैन्ये मिळून अक्षौहिणी १८. आणि शेवटी मोठ्या आवाजात सांगायचे: एका अक्षौहिणीत रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०, यांतल्या कोणत्याही आकड्याचे अंक मिळवा, उत्तर अठराच! वीस वर्षे आम्ही यावर टाळ्या घेतल्या. मग एका गावी एक निवृत्त गणितशिक्षक कीर्तनानंतर शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बुवा, पत्तीत १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ. त्याची तिप्पट, पुन्हा तिप्पट, अशी सात वेळा करून शेवटी दसपट केली की अक्षौहिणी होते. दोनदा तिप्पट केल्याबरोबर नऊने भाग जाऊ लागला. नऊने भाग गेला की अंकांची बेरीज नऊच्या पटीतच येणार, ९ नाहीतर १८ नाहीतर २७. आपण दहा-दहांनी मोजतो म्हणून नवाला हा मान. आठ-आठांनी मोजले असते तर तो साताला मिळाला असता." आम्हांस थोडा राग आला, हे खरे. पण घरी येऊन पाटीवर मांडून पाहिले, मास्तरांचे अक्षर न् अक्षर बरोबर होते.

त्यांनीच आणखी एक सांगितले. कोणतीही तेवीस माणसे एकत्र करा, त्यांत दोघांचा वाढदिवस एकच निघण्याचा संभव निम्म्याहून अधिक. पन्नास माणसे असली तर शंभरात सत्त्याण्णव. (आमच्या दिंडीत हे करून पाहण्यात अर्थ नव्हता. जुन्या पिढीतल्या अनेकांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तो लिहून टाकला. येथे योगायोगाचा कर्ता ठाऊक आहे!)

हे सारे ठाऊक असूनही आम्ही चुकलो, म्हणून त्याची बोच जास्त.

बारा-तेरा वर्षे झाली. आमचे एक माळकरी स्नेही, शेतकरी, वारी कधी न चुकवणारे. त्यांनी आमच्याकडून अठ्ठाविसाचे निरूपण ऐकले आणि तो आकडा त्यांच्या पाठीच लागला. एस. टी.च्या तिकिटाच्या शेवटी २८. उसाच्या वजनाच्या पावतीवर २८. नातू झाला तो २८ तारखेला. श्रीमाउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात, तर हे म्हणत, "रथ धरला की अठ्ठावीस!" आम्हांला तेव्हा त्याचे कौतुक वाटले. रथ कशाला धरायचा, हे विचारण्याचे सुचले नाही. ज्या पावतीवर ४१ असे ती ते खिशात घालीत, ज्या पावतीवर २८ असे ती आम्हांला दाखवीत. न्यायशास्त्रात कार्यकारण ठरवताना अन्वयाबरोबर व्यतिरेकही तपासावा लागतो. किती वेळा कावळा बसला आणि फळ पडले नाही, हे मोजल्यावाचून कावळ्याकडे बोट दाखवता येत नाही. हे आम्ही मुलांना शिकवतो.

एका रात्री त्यांचा फोन आला. "बुवा, मंडळींचा डोळा लई दुखतोय. तालुक्याचा डॉक्टर म्हणतो, शहरात न्या. आज एकवीस. अठ्ठाविसाला एकादशी हाय. तवा न्यावं म्हणतोय. काय सांगता?"

आम्ही म्हणालो, "एकादशी, आणि त्यात अठ्ठावीस. पांडुरंग एवढी खूण देतो आहे, तर तोच दिवस धरा."

बस, एवढेच संभाषण. आम्ही तारखेविषयी बोललो, डोळ्याविषयी काही विचारले नाही. विचारले असते तर कळते की त्या माउलीला दोन दिवस डोके फोडून घ्यावेसे वाटत होते, उलट्या होत होत्या, आणि देवापुढच्या समईभोवती रंगीत कडी दिसत होती. डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता, डोळ्यातला दाब एकाएकी वाढला आहे, आजच्या आज हलवा, असे बजावले होते. सात दिवसांनी, एकादशीला, स्नान करून, माळ-बुक्का लावून ते तिला घेऊन गेले. दाब उतरवला गेला. पण उजव्या डोळ्याची नस मेली होती. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूसारखे ते नव्हे.

आता येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. भाविक म्हणेल, "त्याच्या सत्तेवाचून झाडाचे पानही हलत नाही असे तुम्हीच सांगता. मग आकडा जुळला तो त्याच्या सत्तेवाचून कसा?" या शंकेला आम्ही बरीच वर्षे भीत होतो. आता भीत नाही. सर्व त्याच्याच सत्तेने होत असेल तर २८ त्याचा, तसा ४१ ही त्याचाच, आणि एकवीस तारीखही त्याचीच. समईभोवतीची कडी त्याच्या सत्तेने दिसली. डॉक्टरच्या तोंडून "आजच्या आज" हे शब्द निघाले तेही त्याच सत्तेने. इतक्या खुणांतून आम्ही एकच उचलली, कारण ती आमच्या निरूपणाला दाद देणारी होती. यात देवावरची श्रद्धा किती आणि स्वतःच्या कीर्तनावरचे प्रेम किती, हे ज्याने त्याने पाहावे. आमच्यापुरते आम्ही पाहिले आहे.

मटक्याचे आकडे लावणारेही कधी कधी कीर्तनाला येऊन बसतात. बुवांनी कितवा अध्याय सांगितला, तो आकडा ते लावतात. त्यांना आम्ही हाकलून देतो. आमचे त्या रात्रीचे बोलणे त्यांच्याहून फार निराळे होते असे म्हणवत नाही. ते पैसे लावतात, स्वतःचे. आम्ही डोळा लावला, दुसऱ्याचा.

आपल्या संप्रदायात जुळणाऱ्या तिथीचे सर्वांत मोठे उदाहरण फाल्गुन वद्य षष्ठीचे. परंपरा सांगते की श्रीजनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, त्यांची आणि श्रीनाथांची भेट, स्वामींची समाधी आणि पैठणास गोदावरीत नाथांनी ठेवलेला देह, ही पाचही पर्वे त्याच तिथीची. आम्ही नाथषष्ठीला हे कित्येक वेळा सांगितले, आणि दर वेळी 'केवढा हा योग!' असे म्हणून पुढे गेलो. अलीकडे आम्ही तेथे थांबतो. पहिली चार पर्वे कशीही जुळून आली असोत, पाचवे नाथांनी जुळवले. गुरूची तिथी म्हणून त्यांनी ती आपल्या देहासाठी निवडली. तो योगायोग नव्हे, ती सेवा. आणि त्यांनी त्या तिथीला वाहिला तो स्वतःचा देह, आजारी शेजाऱ्याचा नव्हे. आकडा पाहून नाम घ्यावे; तिकिटावर २८ दिसला आणि 'विठ्ठल' म्हटले, तर कोणाचे काय बिघडले? दिवसातून शंभर वेळा दिसो. पण औषध कधी द्यायचे, कर्ज कोणाचे फेडायचे, मुलीला कोठे द्यायची, हे तिकिटाला विचारू नये. त्यासाठी देवाने बुद्धी दिली आहे आणि त्या त्या विषयातले जाणते दिले आहेत.

पुढच्या आषाढीला वाखरीच्या तळावर ते जोडपे भेटले. ते तिच्या उजव्या बाजूने चालत होते, कारण त्या बाजूचे तिला काही दिसत नाही, खड्डाही नाही आणि माणूसही नाही. आम्ही तिला नमस्कार केला आणि काय झाले ते तिच्यासमोर कबूल केले. तिला ते बहुधा पहिल्यांदाच नीट कळत होते, कारण तिने एकदा मालकांकडे पाहिले. मालक खाली पाहत होते. मग ती म्हणाली, "तुमी तरी काय करणार बुवा. तुमाला तारीख इचारली. मला कुनी इचारलंच न्हाई." आणि पदराखालची भाकरी काढून आमच्यापुढे धरली. ती भाकरी घशाखाली उतरायला फार वेळ लागला. वर्षभरात तिचे म्हणणे कोणी ऐकले नव्हते, नवऱ्याने नाही, आम्ही नाही. आम्ही दोघेही अठ्ठाविसाकडे पाहत बसलो होतो.

असो. तो मुलगा काकड्यानंतर आला. थंडीने कुडकुडत होता, पण आला. आम्ही प्रथम त्याच्या घड्याळाचा निकाल लावला. दिवसातून किती वेळा ते यंत्र बघतोस म्हटले, तर मोजता येत नाही म्हणाला. मग दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटे झालेली कधी दिसली होती का, म्हटले, तर हसला. म्हणाला, "दिसली असतील, पर ध्यानात कोण ठेवतंय?" हुशार मुलगा. त्याला कावळ्याची आणि ताडाची गोष्ट सांगावी लागली नाही.

मग आम्ही विचारले, "खूण कशासाठी हवी आहे?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मंडपात पखवाज झाकून ठेवले होते, आचारी चूल पेटवीत होते. आमचा अनुभव असा की आकडा घेऊन येणाऱ्याजवळ आकड्याखाली दडलेले काहीतरी असते. अखेर तो म्हणाला, वडील गेल्यावर विहिरीकडचे शेत विकले. धाकट्या भावाचा हिस्सा द्यायचा राहिला. भाऊ मागत नाही, पण सणालाही येत नाही. पैसे बँकेत आहेत. द्यावेत की त्यांतून आधी दुकान टाकावे, हे ठरत नाही. दुकानाची जागा ज्या दिवशी पाहिली त्या दिवसापासून अकरा-अकरा दिसू लागले.

"किती दिवस झाले भावाशी बोलून?"

"दिवाळीच्या आदल्या दिवाळीपास्नं."

भाऊ राहतो ते गाव कोणते, असे आम्ही विचारले. तेथून पंधरा कोसांवर होते. सकाळची पहिली एस. टी. साडेसहाला सुटत होती. फाट्यापर्यंत चालायला पाऊण तास लागतो, असे आचाऱ्याने चुलीपाशी बसल्या बसल्या सांगितले.